जॉनीला पाणी कळायचं

“तेला आता इंग्रजीबी कळंना की ओ,” कुंपणाच्या भिंतीपलीकडून नरसव्वा म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते दिसलं नाही. सुनेला असावं, कारण पाठोपाठ दाबलेलं हसू ऐकू आलं आणि मग त्यांच्या सुपातली विडीची पानं पुन्हा सरसरायला लागली.

भिंतीच्या अलीकडे, आमच्या अंगणात, पप्पा कमरेत वाकून उभे होते. “जॉनी, कम. कम हिअर. जॉनी, माय बॉय.” जॉनी येत नव्हता. पाण्याचं बॅरल आणि भिंत यांच्यामधल्या सापटीत तोंड खुपसून तो उभा होता. पुढं जायला जागा नव्हती, आणि मागं सरता येतं हे तो विसरला होता. भिंतीकडे बघत नुसता उभा. एखाद्याला वर्गात शिक्षा म्हणून कोपऱ्यात उभं केलं असावं, आणि शाळा सुटली तरी कुणी सांगायला आलं नसावं, तसा.

पप्पांनी नरसव्वांचं बोलणं ऐकलं असणार. त्यांनी आवाज आणखी खाली आणला आणि पुन्हा म्हणाले, “कम.” मग जवळ जाऊन त्याच्या पोटाखाली दोन्ही हात घातले, त्याला मागं ओढलं आणि तोंड अंगणाकडे वळवून दिलं. जॉनी चालायला लागला. कुठं जायचंय हे जणू आत्ताच आठवलं होतं.

मी खिडकीतून बघत होते. समोर लॅपटॉपवर पुण्याच्या ऑफिसची मीटिंग चालू होती आणि माझा माइक बंद होता. माझा माइक बहुतेक वेळा बंदच असतो.

ही गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीची गोष्ट. होळी नुकतीच झाली होती. आज पुन्हा तेच दिवस आलेत. दुपारी यंत्रमागांची खटखट चालू असते, पण रस्त्यावर माणूस नसतं. खिडकीला ओली चादर बांधून ठेवलीय, तिच्यातून येणारा वारा आधी गार लागतो आणि चादर वाळली की झळ होतो. पहाटे नळानं फुसकारा टाकला. मी अंथरुणात उठून बसले आणि काहीतरी ऐकू यायची वाट बघत राहिले. पाणी आलं होतं, पण त्या आधी भुंकण्याचा आवाज आला नव्हता. वर्ष होत आलं तरी माझ्या कानाला तो क्रम सोडवत नाही.

आमच्या घरात जॉनीशी इंग्रजीत बोलायची पद्धत होती. बऱ्याच मराठी घरांत ती असते आणि तिच्यात काही विचित्र आहे असं कुणाला वाटत नाही. गायीशी मराठीत बोलतात, मांजराशी मराठीत, देवाशी तर मराठीतच. कुत्रा आणला की मात्र सिट, कम, नो, गुड बॉय. पप्पा एका बँकेत कारकून होते, मराठी शाळेत शिकलेले. साहेबासमोर इंग्रजी बोलायची वेळ आली की त्यांच्या मानेला घाम फुटायचा. मला इंग्रजी शाळेत घातलं ते त्या घामापायी. पण मी निघाले अबोल. शाळेतून आल्यावर पप्पा हौसेनं विचारायचे, “हाऊ वॉज द डे?” मी म्हणायचे, “फाइन.” संपलं बोलणं. पप्पा चपला घालून बाहेर जायचे.

मग जॉनी आला. लॅब्राडॉर म्हणून आणलेला, पण मोठा झाल्यावर निम्मा गावठी निघाला. कान एक उभा, एक पडलेला. पप्पांना हवा होता तसा ऐकणारा मिळाला. त्याच्यासमोर त्यांचं इंग्रजी अडखळायचं नाही. “व्हॉट इज धिस, जॉनी? हू हॅज डन धिस? आय ॲम आस्किंग यू.” फाटलेला पेपर मध्ये आणि दोघं समोरासमोर. जॉनी मान तिरकी करून ऐकायचा. क्रियापदं चुकली तरी त्याची हरकत नसायची. मी आतल्या खोलीत बसून ऐकायचे. कधीकधी वाटायचं, ही वाक्यं माझ्यासाठी तयार करून ठेवलेली असणार, वापरात आली नाहीत म्हणून ती त्याला मिळाली.

आई मात्र त्याच्याशी मराठीत बोलायची, तेही पप्पा बाहेर असले की. “सरक रे राजा, तवा तापलाय, भाजंल.” तो दोन्ही भाषांत सरकायचा.

आणि त्याला पाणी कळायचं.

सोलापुरात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांआड येतं, आणि उन्हाळ्यात ते दिवस लांबत जातात. वेळेचा भरवसा नाही. म्हणून अंगणातला नळ उघडाच ठेवायचा आणि कान तिकडे. लग्नाची तारीख काढताना, पाहुण्यांना बोलावताना, पापड-कुरडया घालताना आधी विचारतात, त्या दिवशी पाणी आहे का. पाणी यायच्या आधी पाइपातून हवा येते, बारीक, सापाच्या फुत्कारासारखी. मागांच्या खटखटीत ती माणसाला ऐकू येत नाही. जॉनीला यायची. तो झोपेतून उठून नळापाशी जायचा, एकदा नळाकडे आणि एकदा घराकडे बघायचा आणि भुंकायचा. ते भुंकणं पोस्टमनवरच्या भुंकण्यापेक्षा वेगळं होतं. तुटक, घाईचं. गल्लीत कुणीतरी ओरडायचं, “जॉनी वरडला!” आणि धडाधड दारं उघडायची. कळशा, बादल्या, नळ्या, पाणी ओढायच्या मोटारी. नरसव्वा विड्यांचं सूप तसंच टाकून धावायच्या. पाणी त्यानंतर यायचं. आधी गढूळ, मग स्वच्छ.

स्वच्छ पाण्याची पहिली धार जॉनीच्या भांड्यात पडायची. पप्पांचा तसा नियम होता. आईची कळशी, देवाचा तांब्या, सगळं त्यानंतर. “ही हॅज अर्न्ड इट,” पप्पा म्हणायचे. जॉनी लपालपा प्यायचा आणि ओलं तोंड पप्पांच्या पायजम्याला पुसायचा. गल्लीभर पाण्याची गडबड असायची आणि मधोमध तो बसलेला असायचा. कामावरून आल्यासारखा.

त्या वर्षी तो आधी पाणी चुकला. थंडी संपताना एका सकाळी नळाला पाणी येऊन गेलं आणि हा जिन्याखाली झोपलेला. अर्ध्या गल्लीचं पाणी भरायचं राहिलं. “झोप लागली आसंल म्हाताऱ्याला,” म्हणून लोकांनी सोडून दिलं. मग तो रात्रीचा जागायला लागला आणि दिवसा झोपायला लागला. घरात त्याच त्याच वाटेनं गोल फिरायचा. दाराच्या बिजागरीच्या बाजूला उभा राहून दार उघडायची वाट बघायचा. मी कामावरून उठून त्याच्याजवळ गेले तर माझ्याकडे बघायचा, पण ते बघणं माझ्यापर्यंत पोचायचं नाही, अलीकडेच कुठंतरी थांबायचं.

मोडनिंबचा मामा येऊन गेला तेव्हा म्हणाला, “दाजी, म्हातारपणाला कसलं औषध करताय? कुत्र्याचं वय झालं की ते आपलं आपण रानात जाऊन पडतं.”

“हितं रान कुठाय?” आई म्हणाली.

रात्र-रात्र फोनवर वाचून मीच शोधून काढलं होतं की म्हाताऱ्या कुत्र्यांना असा आजार होतो आणि त्याच्यावर गोळी असते. पप्पांना सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून त्यावरचा एक लेख त्यांच्या फोनवर पाठवून दिला. एकाच घरात, समोरच्या खोलीत. त्यांनी तो चष्मा लावून, बोट फिरवत, सगळा वाचला. संध्याकाळी रिक्षा आली. “चल अनू,” ते मला म्हणाले, “तू वाचलंयस तर तूच बोल डॉक्टरांशी.”

डॉक्टर तरुण होते, माळशिरसकडचे. घरी मेंढरं होती, हे त्यांनीच सांगितलं. त्यांनी जॉनीच्या डोळ्यांत उजेड पाडून बघितलं, त्याला खोलीत मोकळं सोडलं, तो कपाटाच्या आणि भिंतीच्या मध्ये जाऊन अडकला ते शांतपणे पाहिलं.

“आमच्या घरी मेंढरांचं म्हातारपण कधी बघितलंच नाही मी,” ते म्हणाले. “तेवढं जगूच देत नाहीत. हे इथं आल्यावर शिकलो.” मग गोळीचं नाव लिहिलं. ती माणसांच्या कंपवाताची गोळी होती. माणसांच्याच दुकानात मिळेल म्हणाले. रोज सकाळी एक, आणि लगेच फरक दिसणार नाही, महिनाभर धीर धरा. “आणि एक लक्षात घ्या काका. हा उतार आहे. गोळीनं ब्रेक लागतो थोडा. गाडी परत वर चढत नाही.”

“ब्रेक लागतो ना,” पप्पा म्हणाले. “बास की मग.”

पथ्य काय, हे विचारून या म्हणून आईनं बजावलं होतं. मी विचारलं. डॉक्टर हसले. खास काही नाही, पण दुसरं कुठलंही औषध मला विचारल्याशिवाय द्यायचं नाही, म्हणाले. खास पथ्य नाही हे आईला पटलं नाही. तिनं स्वतःच जॉनीचं वांगं बंद केलं. त्यानं जन्मात वांगं खाल्लं नव्हतं.

औषधाच्या दुकानातला माणूस चिठ्ठी बघून म्हणाला, “पेशंटचं नाव?”

“जॉनी,” पप्पा म्हणाले.

“वय?”

“तेरा.”

त्यानं मान वर केली. “तेराव्या वर्षी कंपवात? अरेरे. मुलगा का?”

पप्पांनी खिशातून पाकीट काढलं. मला वाटलं, हो म्हणतात की काय. मग म्हणाले, “कुत्रा आहे.” दुकानात गोळ्या घ्यायला उभ्या असलेल्या दोघाचौघांनी आमच्याकडे वळून पाहिलं. एक आजोबा होते, त्यांचा काउंटरवरचा हात थरथरत होता. त्यांच्या दुसऱ्या हातात त्याच गोळ्यांची पट्टी होती. त्यांनी पट्टीकडे बघितलं, मग पप्पांकडे, आणि ती खिशात घातली. रिक्षात पप्पा म्हणाले, “खरं सांगायची काही गरज नव्हती, नाही का?” मी खांदे उडवले.

गोळी द्यायचं काम आईकडे आलं. शेंगदाण्याचं कूट आणि गूळ एकत्र करून ती बोराएवढा लाडू वळायची आणि त्यात गोळी दडवायची. द्यायच्या आधी देवाकडे बघून हात जोडायची. मी खिडकीतून बघायचे. रोज सकाळी तोच क्रम: लाडू, नमस्कार, “आ कर राजा,” आणि मग त्याचा गळा खालपर्यंत चोळणं. रोज करण्यासारखं काही असलं की माणसं टिकून राहतात. आमचं घर त्या दिवसांत एका लाडवावर टिकून होतं.

आणि फरक पडला. हे मला नीट सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या फरकामुळे झालं. पाडवा झाल्यावर, कडुनिंबाचा फुलोरा अंगणात पडत होता तेव्हा, जॉनी रात्री झोपायला लागला. दाराच्या बरोबर बाजूला उभा राहायला लागला. एकदा मी पाणी प्यायला उठले तर माझ्यामागून आला आणि माझ्या घोट्यापाशी नाक लावून उभा राहिला. कुत्र्याचं ओलं नाक. मी ओट्याला धरून तशीच उभी राहिले, हलले तर जाईल म्हणून. आणि एका सकाळी तो नळापाशी गेला, नळाकडे बघितलं, घराकडे बघितलं, आणि भुंकला.

गल्लीत कुणी ओरडलं नाही. पण नरसव्वांनी भिंतीवरून डोकं वर काढलं. नळातून फुस्स झालं आणि धार पडली.

“आगं बया, पानी!” नरसव्वा ओरडल्या. “आलं गं आलं! तुमच्या जॉनीनं आनलं की ओ परत!”

पप्पांनी त्याचं भांडं भरलं. घाईत अर्धं पाणी बाहेर सांडलं. “यू सी?” ते म्हणाले. “यू सी?” कुणाला म्हणत होते कुणास ठाऊक. त्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना फोन करून सांगितलं, मामाला सांगितलं, जुन्या बँकेतल्या माणसांना सांगितलं. गोळी लागू पडली. त्याला पाणी कळलं.

तेव्हापासून घरात तेच माप झालं. जॉनीनं काय खाल्लं, किती चालला, रात्री विव्हळला का, हे सगळं मागं पडलं. पाणी कळलं की नाही, एवढंच.

वैशाख लागला. सोलापूरचा वैशाख आकाशातून येत नाही, जमिनीतून वर येतो असं मला वाटतं. फरशी, भिंती, बॅरल, नळाची तोटी, हात लावाल ते भाजतं. संध्याकाळी ऊन उतरतं तरी उकाडा बसलेलाच असतो. त्या संध्याकाळच्या वेळेला जॉनीला काहीतरी व्हायला लागलं. दिवस मावळायच्या सुमाराला तो उठायचा, धापा टाकत नळापाशी जायचा आणि भुंकायचा. नळ कोरडा. तरी भुंकायचा. तेच तुटक, घाईचं भुंकणं. पहिल्यांदा सगळी गल्ली कळशा घेऊन बाहेर आली. दुसऱ्यांदा निम्मी आली. नंतर कुणी आलं नाही, आणि कोपऱ्यावरचा एकजण दारातून ओरडला, “ओ काका, रेडिओ बंद करा की तेवढा!”

पप्पा घरात आले आणि खुर्चीवर बसले. चष्मा काढून धोतराच्या टोकानं पुसावा तसा तो बनियनच्या टोकानं पुसत राहिले. बाहेर जॉनी भुंकत होता. आवाज बसत चालला होता, पण थांबत नव्हता. इतकी वर्षं त्याचं खरं ठरलं होतं. खोटं ठरायची त्याला सवय नव्हती.

त्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या संध्याकाळी तो असाच भुंकायला लागला, आणि नळातून हवा आली. फुस्स. मग पाणी.

मी खुर्चीतून अर्धी उठले. त्या दिवशी पाण्याचा दिवस नव्हता. शेजारी कुणाच्या नळाला आवाज नव्हता. जॉनीनं भुंकणं थांबवलं, धारेखाली तोंड घातलं आणि लपालपा प्यायला लागला. त्याची शेपटी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे हलली. मग मला जिन्याखाली पप्पा दिसले.

आमच्या अंगणातल्या नळाला दोन वॉल, म्हणजे पाणी सोडायच्या चाव्या, आहेत. एक रस्त्यावरच्या लाइनचा. दुसरा गच्चीवरच्या टाकीचा. पाणी नसलेल्या दिवशी अंगणात पाय धुता यावेत म्हणून पप्पांनीच तो प्लंबरकडून जिन्याखाली बसवून घेतला होता. पाणी कुठूनही आलं तरी पडतं एकाच तोटीतून. पप्पा जिन्याखाली उकिडवे बसले होते, हात वॉलच्या चाकावर. जॉनीचं पिऊन होईपर्यंत त्यांनी वाट बघितली, मग चाक हळूहळू फिरवलं. धार बारीक झाली, थांबली. ते गुडघ्यावर हात टेकून उठले, बाहेर आले, आणि जणू घरातूनच येतायत अशा आवाजात म्हणाले, “गुड बॉय, जॉनी! वॉटर हॅज कम! गुड बॉय!”

मी खिडकीतून मागं सरले.

मग ते रोजचं झालं. दिवस मावळायला आला की पप्पा काही ना काही निमित्त काढून जिन्याखाली जायचे. जॉनी भुंकायचा. पाणी यायचं. तो पुन्हा खरा ठरायचा. शेजारी ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं पप्पा म्हणायचे, “आलं बघा! थोडंच आलं, पण आलं!” ज्या घरात भाज्या धुतलेलं पाणी झाडाला आणि अंघोळीचं पाणी संडासाला जायचं, तिथं गच्चीवरची टाकी रोज थोडी थोडी जमिनीत जिरत होती.

आई म्हणाली, “टाकी गळतीय कुठंतरी. चार दिवस जायची, दोन दिवसांत खाली.” प्लंबर आला, टाकीभोवती फिरला, काही सापडलं नाही म्हणाला. आईनं मला विचारलं, “तू दिवसभर खिडकीत बसलेली असतीस, तुला काही दिसतं का गं?” मी मान हलवली. ती मान हो म्हणाली की नाही, ते आईनं आपल्या सोयीनं ठरवलं. आता वाटतं, तिलाही माहीत असावं. नाहीतर ती दुपारी स्वतःची अंघोळ सोडून देऊन तेवढं पाणी का राखायची?

मी का गप्प राहिले, याचा मी या वर्षभरात बराच विचार केला. भीती म्हणून नाही. मला ते आवडत होतं. पप्पा माणसांशी असं कधी वागले नव्हते. आम्ही चुकलो की ते दुरुस्त करायचे. स्पेलिंग, उच्चार, चपला कुठं काढायच्या. जॉनी चुकला तेव्हा त्यांनी त्याला दुरुस्त केलं नाही. जगच त्याच्या चुकीशी जुळवून घेतलं. एवढं प्रेम समोर घडत असताना खिडकीतून ओरडून ते मोडायचं कसं?

पण मी दुसरंही बघत होते. भुंकलं की पाणी येतं, म्हणून तो भुंकायचा. उन्हं उतरायच्या आधीच सुरुवात करायचा. मागचे पाय थरथरायचे, खाली बसायचा, बसून भुंकायचा. घशातून आवाजाऐवजी नुसती हवा यायची, नळातून येते तशी. सकाळचा लाडू तो जिभेवर तसाच धरून ठेवायचा, गिळायचा विसरायचा. आई गळा चोळायची, चोळत राहायची. पाठीचा कणा हाताला लागायला लागला. झोपेत तो कण्हायचा, आणि पप्पा दुसऱ्या खोलीतून म्हणायचे, “स्वप्न पडत असेल.” डॉक्टरांना फोनवर सांगायचे, “फर्स्ट क्लास. पाणी आलेलं अजून कळतं त्याला.”

मग ती संध्याकाळ आली. पप्पा जिन्याखाली गेले. जॉनी उठला, पण नळाकडे गेला नाही. बॅरल आणि भिंतीच्या सापटीत जाऊन उभा राहिला आणि तिथं, भिंतीकडे तोंड करून, भुंकायला लागला. पप्पांनी वॉल सोडला. पाणी पडलं, फरशीवर वाहत गेलं, त्याच्या पायांखालून गेलं. त्याचे चारही पंजे भिजले. तो भिंतीवर भुंकतच राहिला. पप्पा भांडं भरून घेऊन आले आणि त्याच्या तोंडाजवळ धरलं. “वॉटर, जॉनी. वॉटर. लुक.” मग जरा वेळानं म्हणाले, “पाणी रे. पाणी.” मी पहिल्यांदाच त्यांना त्याच्याशी मराठीत बोलताना ऐकलं. जॉनीनं नाक पाण्यात घातलं आणि दचकून मागं ओढलं. ते काय आहे हे त्याला माहीत नव्हतं.

पलीकडे सुपातली पानं थांबली होती.

जॉनी मोडनिंबला मामाच्या शेतात, बांधावर आहे. मामानं खड्डा काढून ठेवला होता. उरलेली गोळ्यांची पट्टी आईनं देवघराच्या खणात ठेवलीय. औषध फेकू नये म्हणते. जिन्याखालच्या वॉलला वर्षभरात कुणी हात लावला नाही, तो आता गंजून बसलाय. पप्पा पाण्याच्या दिवशी आपले आपण पहाटे उठून नळापाशी स्टूल टाकून बसतात, कान तिकडे लावून. मध्ये एकदा नरसव्वा म्हणाल्या, “दुसरं एक आना की ओ पिल्लू.” पप्पा म्हणाले, “नको. आता ऐकू येतंय मला.” इंग्रजीतलं वाक्य मात्र मी त्यांच्या तोंडून त्यानंतर ऐकलेलं नाही. मला ते आजही विचारतात, दिवस कसा गेला. मराठीत विचारतात. मी पूर्वीपेक्षा जरा जास्त सांगते.

जॉनी गेला त्या दिवशी काय झालं याबद्दल मात्र आम्ही कधी बोललेलो नाही.

ती सकाळ होती. भांडं नाकारल्यानंतर जॉनी पुन्हा उभा राहिला नव्हता. अंगणात सावलीला ओली चादर अंथरून त्याला तिच्यावर ठेवलं होतं. आईनं केलेला लाडू तसाच वाटीत होता, त्याला मुंग्या लागल्या होत्या. डॉक्टर घरी आले. बॅग खाली ठेवून त्यांनी त्याच्या हिरड्या बघितल्या, पोट चाचपलं, पाय हलवून बघितला. जॉनी कण्हला. डॉक्टर बराच वेळ त्याच्या डोक्यावर हात ठेवून बसले.

“वाढवून द्या म्हणालात तर गोळी वाढवून देतो,” ते म्हणाले. “पण उपयोग होणार नाही काका. त्याला त्रास होतोय. एक इंजेक्शन आहे, शांत झोपेल. पण ते तुम्ही ठरवायचं. घरच्यांनी सांगितल्याशिवाय मी हात लावणार नाही.”

आईनं पदर तोंडाला लावला. “माझ्याच्यानं नाही सांगवणार,” ती म्हणाली आणि आत गेली, पण दाराच्या आतच थांबली.

पप्पा उभेच होते. “नाही डॉक्टर,” ते म्हणाले. “तसं नाही. तुम्ही रोज बघत नाही त्याला. अशक्तपणा आलाय, ऊन किती आहे. पण डोकं चालतंय त्याचं अजून. गोळी लागू पडलीय. आत्ता परवापर्यंत रोज संध्याकाळी त्याला पाणी कळत होतं. तो भुंकला की पाणी यायचं. रोज. डोकं गेलेल्या कुत्र्याला कळेल का ते?” मग त्यांनी खिडकीकडे हात केला, जिथं मी रोज बसते, आणि नंतर माझ्याकडे. “हिला विचारा. ही सगळं बघत असते. अनू, सांग डॉक्टरांना. तू बघितलंयस.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. पप्पाही माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते मला अजून नक्की सांगता येत नाही. मी सांगू नये अशी विनवणी होती, की मी सांगावं अशी. त्यांच्या तोंडून निघणार नव्हतं ते कुणाच्या तरी तोंडून निघायला हवं होतं, आणि अंगणात माझ्याशिवाय ते माहीत असलेलं दुसरं कुणी नव्हतं. जॉनीच्या पोटाची कातडी वर-खाली होत होती. चादर वाळत चालली होती.

“पप्पा,” मी म्हणाले, “पाणी आलं नव्हतं.”